746 मतं: दौंडच्या पराभवाचे शेवटचे तास

24 ऑक्टोबर 2019 ला भीमेच्या दोन्ही काठांवर एकाच पक्षाचे दोन निकाल लागले. आमच्या काठाला, म्हणजे तळेगाव ढमढेरे ज्यात येतं त्या शिरूर मतदारसंघात, राष्ट्रवादी काँग्रेसचे अशोक पवार 41,504 मतांनी निवडून आले. नदीपलीकडे दौंडमध्ये त्याच पक्षाचे रमेश थोरात 746 मतांनी पडले. तिथे भाजपच्या राहुल कुल यांना 1,03,664 मतं मिळाली, थोरातांना 1,02,918.

या आकड्याचं वजन कळायला पुणे जिल्ह्याच्या ग्रामीण भागातल्या दहा जागा डोळ्यांपुढे आणाव्या लागतात. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, मावळ, इंदापूर आणि बारामती राष्ट्रवादीकडे गेल्या. पुरंदर आणि भोर काँग्रेसकडे. आघाडीला दहापैकी नऊ जागा मिळाल्या, दहावी दौंड. निवडणुकीआधी पक्ष सोडून जाणाऱ्यांची रांग लागली होती, त्या काळात हा जवळजवळ संपूर्ण विजय होता, आणि तो 746 मतांनी अपुरा राहिला. एका केंद्रावर साधारण हजार मतदार धरले तर हा फरक केंद्रामागे अडीच मतांचा भरतो. 374 माणसांनी दुसरं बटण दाबलं असतं तर निकाल फिरला असता.

ही मतं शेवटच्या फेऱ्यांत हातची गेली, असं पराभवानंतर नेहमीच म्हटलं जातं. मला ते पटत नाही. दौंडमध्ये काय घडलं ते समजून घ्यायचं तर घड्याळ मोजणीच्या दिवशी सकाळी 8 ला सुरू करून चालणार नाही.

मोजणीला पाच महिने: 23 मे 2019

लोकसभेचे निकाल. आमच्या शिरूर लोकसभा मतदारसंघात डॉ. अमोल कोल्हे यांनी तीन वेळचे खासदार शिवाजीराव आढळराव पाटील यांना 58,483 मतांनी हरवलं. इकडच्या राष्ट्रवादीत कित्येक वर्षांनी जीव आला. दौंड मात्र बारामती लोकसभेत येतं. तिथे सुप्रिया सुळे दीड लाखाहून अधिक मतांनी निवडून आल्या, पण त्यांच्या विरोधात उभ्या होत्या राहुल कुल यांच्या पत्नी कांचन कुल, आणि दौंड विधानसभा क्षेत्रात कांचन कुल पुढे होत्या.

इशारा इतका स्पष्ट होता. एकूण विजय मोठा असला की एका तालुक्यातली पिछाडी बेरजेत झाकली जाते. विधानसभेला मात्र तालुका एकटा उभा राहतो. घरातल्याच उमेदवारासाठी पाच महिने आधी सगळी यंत्रणा गावागावांत फिरवून झाली होती. कुठल्या वाडीत कोण आपलं, कोण काठावर, हे कुलांच्या गटाला माहीत झालं होतं, आणि ही माहिती प्रचाराच्या पंधरा दिवसांत गोळा होत नाही.

मोजणीला सतरा दिवस: सोमवार, 7 ऑक्टोबर

अर्ज मागे घेण्याची मुदत संपली. लढत ठरली: राहू विरुद्ध खुटबाव.

बाहेरच्या माणसानं या लढतीकडे भाजप विरुद्ध राष्ट्रवादी म्हणून पाहिलं तर त्याला फार थोडं दिसेल. राहुल कुल राहूचे. वडील सुभाष कुल आमदार होते, त्यांच्यानंतर आई रंजना कुल आमदार झाल्या. रमेश थोरात खुटबावचे. 2009 मध्ये कुल राष्ट्रवादीचे अधिकृत उमेदवार होते आणि थोरात अपक्ष. अपक्ष थोरात जिंकले. 2014 मध्ये थोरात राष्ट्रवादीचे झाले, कुल महादेव जानकरांच्या राष्ट्रीय समाज पक्षाचे, आणि कुल अकरा हजारांहून अधिक मतांनी जिंकले. 2019 मध्ये कुलांनी कमळ घेतलं. ही जागा आपल्या पक्षाची असताना असं झालं, म्हणून जानकर नाराजही झाले. तीन निवडणुकांत माणसं तीच राहिली आणि चिन्हं फिरत राहिली. दौंडचा मतदार चिन्ह पाहून गट ठरवत नाही. गटानं जे चिन्ह घेतलं असेल ते तो शोधतो.

आणि गट म्हणजे काय, ते शेतकऱ्याच्या बाजूनं पाहिलं पाहिजे. रमेश थोरातांकडे त्या वेळी पुणे जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकेचं अध्यक्षपद होतं. राहुल कुलांकडे पाटसच्या भीमा सहकारी साखर कारखान्याचं. एकीकडे बँक, दुसरीकडे कारखाना. ऊस लावणारा सभासद गावच्या विकास सोसायटीतून पीककर्ज उचलतो, तो पैसा जिल्हा बँकेचा असतो. ऊस तुटून कारखान्याला गेला की बिलातून सोसायटीची वसुली कापली जाते आणि उरलेलं हातात पडतं. म्हणजे एकाच माणसाच्या एकाच एकरात दोन्ही उमेदवार असतात. कर्ज वेळेवर मिळावं म्हणून एकाशी बरं, ऊस वेळेवर तुटावा म्हणून दुसऱ्याशी बरं. त्यात पाटसचा कारखाना आधीच अडचणीत होता. पुढे तो चालवायला कर्नाटकातल्या निराणी समूहाकडे गेला.

अशा माणसाला कोणत्या विचाराला मत देणार असं विचारणं मला अन्यायाचं वाटतं. त्याच्यापुढे पर्याय विचारांचे नसतातच. घरातला थोरला सोसायटीवर संचालक असेल तर तो एकीकडे जातो, धाकट्याचा ऊस नोंदीला असेल तर तो दुसरीकडे, आणि चूल एकच असते. निम्मा तालुका इकडे आणि निम्मा तिकडे ही विभागणी गावा-गावांत आहेच, पण ती भावकीत आहे, घरात आहे. म्हणून ती इतकी बारीक होते. जिथे गावंच्या गावं एका बाजूला असतात तिथे मताधिक्य हजारांनी येतं. जिथे घरं फुटलेली असतात तिथे ते शेकड्यावर येतं.

पाणी हा तिसरा धागा. दौंडचं बागायत खडकवासल्याच्या कालव्यावर उभं आहे, आणि त्याच धरणावर पुणे शहर. शहर वाढतं तसं आवर्तन लांबतं. सप्टेंबर 2018 मध्ये पुण्यात दांडेकर पुलाजवळ हाच मुठा कालवा फुटला. शहरानं झोपड्यांत शिरलेलं पाणी पाहिलं आणि दौंड-इंदापूरच्या शेतकऱ्यानं वाया जाणारं आवर्तन. ज्याचं मुंबईत वजन, तो पाणी आणेल, हा हिशेब 2019 मध्ये सत्तेतल्या उमेदवाराच्या बाजूनं जात होता.

धनगर समाजाची मोठी मतं, कुरकुंभच्या औद्योगिक वसाहतीतला कामगार, दौंड शहरातली रेल्वेची वस्ती, हे सगळं यात मिसळलं की लढत कुणालाच आधी सांगता येत नाही.

शुक्रवार, 18 ऑक्टोबर, संध्याकाळ

साताऱ्यात भर पावसात शरद पवारांची सभा झाली. ते दृश्य त्याच रात्री भीमेच्या दोन्ही काठांवरच्या फोनवर पोचलं. तळेगाव, शिक्रापूर, न्हावरे या बाजूला त्याचा परिणाम उघड होता. शिरूर हा मतदारसंघ वाऱ्यावर हलतो. 2004 ला भाजपचे बाबूराव पाचर्णे, 2009 ला राष्ट्रवादीचे अशोक पवार, 2014 ला पुन्हा पाचर्णे, 2019 ला पुन्हा पवार. 2004 पासून शिरूरनं सलग दोनदा कुणालाच निवडून दिलेलं नाही. त्यात हवेलीतलं वाघोली, उरुळी कांचन हा शहराला चिकटलेला पट्टा आहे, सणसवाडी-शिक्रापूरच्या कारखान्यांत नोकरीला आलेली माणसं आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांचं पीककर्ज कुठल्याच सोसायटीत नसतं. अशा मतदाराला सभा हलवू शकते.

दौंडमध्ये तीच सभा थोरातांना जवळजवळ काठापर्यंत घेऊन आली असं मी मानतो. पाच महिन्यांपूर्वी लोकसभेला मागे असलेला पक्ष 746 वर येऊन थांबला, यामागे त्या पावसाचा वाटा असणार. पण गटात बांधलेलं मत भावनेनं एका मर्यादेपर्यंतच सुटतं.

मोजणीला 110 तास: शनिवार, 19 ऑक्टोबर, संध्याकाळी 6

प्रचार थांबला. भोंगे बंद, गाड्यांवरचे झेंडे खाली. अटीतटीच्या मतदारसंघात खरं काम इथून पुढे चालतं आणि ते शांतपणे चालतं. मतदारयादी घेऊन बूथवरची पोरं बसतात. एकेका नावापुढे खूण होते: आपलं, त्यांचं, सांगता येत नाही. चौथी खूण सर्वांत महत्त्वाची: गावात नाही. लेक नांदायला गेली पण नाव इथेच, मुलगा हडपसरला राहतो, भाऊ चाकणला कंपनीत. याद्यांत अशी नावं भरपूर असतात आणि त्यांना फोन कोण करतो, गाडी कोण पाठवतो, यावर शेकड्यातला निकाल ठरतो.

मतदान सोमवारी होतं. शनिवार, रविवार आणि सुट्टीचा सोमवार. त्यात दिवाळी आठवड्यावर आलेली. पुण्यात राहणारा माणूस दिवाळीला गावी येणारच होता, मग मतदानासाठी वेगळी खेप कशाला, असा विचार करणारी 747 माणसं तालुक्यात सहज असू शकतात.

73 तास: सोमवार, 21 ऑक्टोबर, सकाळी 7

मतदान सुरू. त्याआधी केंद्रावर प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान होतं, ती मतं पुसून यंत्र शून्यावर आणलं जातं. पहिल्या दोन तासांत म्हातारी माणसं आणि शेतावर निघालेली माणसं येऊन जातात. त्या वर्षीचा ऑक्टोबर ओला होता, परतीचा पाऊस संपत नव्हता, आणि शिवारात सोयाबीन, बाजरी, कांद्याची चिंता होती.

दुपारचे तास मंद जातात. अनुभवी कार्यकर्ता याच वेळी यादीवर रेघा मारून पाहतो. तीन वाजेपर्यंत आपली किती उतरली, वस्तीवरची का आली नाहीत, कुणाची गाडी गेली आणि परत आली नाही. सर्वांत हळहळ वाटते ती याच तासांची. पडलेल्या उमेदवाराच्या गावागावांतल्या कार्यकर्त्याला पुढे वर्षभर याच दुपारची दोन-तीन नावं आठवत राहतात. एखादी आजी, जिला आणायचं राहून गेलं. एखादा जोडीदार, ज्याच्याशी रुसवा होता म्हणून निरोप दिला नाही. केंद्रामागे अडीच मतं हा हिशेब त्याच्यासाठी कागदावरचा नसतो, त्याला त्या अडीच माणसांचे चेहरे माहीत असतात.

62 तास: सोमवार, संध्याकाळी 6

मतदान बंद झालं. रांगेत उभे राहिलेल्यांना चिठ्ठ्या देऊन आत घेतलं जातं, तेवढं उरलं. मग केंद्राध्यक्ष नमुना 17-क भरतो: या यंत्रात एकूण किती मतं पडली. त्याची प्रत प्रत्येक प्रतिनिधीला मिळते. कुणाला किती पडली ते त्यावर नसतं, पण गावची माणसं त्या एका आकड्यावरून आणि आपल्या खुणांच्या यादीवरून रात्रीच लीड काढतात.

मंगळवार आणि बुधवार याच हिशेबात जातात. यंत्रं सुरक्षा कक्षात कुलूपबंद असतात, बाहेर पहारा, आणि प्रत्येक पारावर वेगळी बेरीज. दोन्ही गटांना आपण निघालो असंच वाटत असतं, कारण 'सांगता येत नाही' ही खूण प्रत्येक जण आपल्या बाजूला धरतो. मतदानोत्तर चाचण्यांनी भाजप-शिवसेना युतीला भरभक्कम बहुमत दिलं होतं. राज्यात ते तसं आलं नाही. भाजप 105 वर थांबला, शिवसेना 56, राष्ट्रवादी 54, काँग्रेस 44.

शून्य तास: गुरुवार, 24 ऑक्टोबर, सकाळी 8

आधी टपाली मतं. साडेआठला यंत्रांची मोजणी.

मोजणीची रीत ठाऊक असली की त्या दिवसाची धाकधूक समजते. नेहमीच्या मांडणीत चौदा टेबलं असतात. यंत्रं केंद्रांच्या अनुक्रमांकानं येतात: पहिल्या फेरीत 1 ते 14, दुसरीत 15 ते 28. केंद्रांचे क्रमांक भूगोलाप्रमाणे लागलेले असल्यामुळे मोजणी म्हणजे तालुक्यातून गावोगाव केलेला प्रवास असतो. कुणाचा पट्टा कधी येणार हे जाळीबाहेर वही घेऊन बसलेल्या प्रतिनिधीला पाठ असतं. म्हणून पहिल्या फेऱ्यांत मागे असलेला उमेदवारही घाबरत नाही, पुढचा पट्टा त्याचा असतो. आणि पुढे असलेल्याला गुलाल उधळायची हिंमत होत नाही.

आमच्या शिरूरमध्ये त्या दिवशी चित्र लवकर स्पष्ट झालं. चाळीस हजारांच्या निकालात तसं होतंच. नदीपलीकडे सोयरे असलेल्या घरांत मात्र इकडचा आनंद अर्धा राहिला. तळेगावातून भीमा ओलांडली की पाटेठाण आणि राहू. लग्नं, शेती, ऊस, सगळं दोन्ही काठांवर पसरलेलं. इकडे घड्याळ जिंकलं होतं आणि तिकडच्या फोनवर आवाज लागत नव्हता.

इतक्या काठावर आलेल्या मोजणीत शेवटची फेरी संपली तरी निकाल हातात येत नाही. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयानं प्रत्येक विधानसभा क्षेत्रातल्या पाच केंद्रांच्या व्हीव्हीपॅट चिठ्ठ्या मोजून यंत्राशी पडताळायला सांगितलं होतं. चिठ्ठीवरून सोडत काढून केंद्रं निवडायची, एकेक कागद वेगळा करायचा, गठ्ठे लावायचे. निवडणूक नियमांतल्या नियम 63 प्रमाणे उमेदवाराला फेरमोजणीही मागता येते. पण यंत्र तोच आकडा पुन्हा दाखवतं. मतपत्रिकांच्या काळात फेरमोजणीत बाद मतांवरून काही हलायचं, ती जागा आता टपाली मतांपुरती उरली आहे.

1,03,664 आणि 1,02,918. दोघांच्या मिळून 2,06,582 मतांत 746 चा फरक, हजारामागे साडेतीन.

त्या निवडणुकीत राज्यात याहून कमी फरकाच्या जागा मुंबईतली चांदिवली (409) आणि गोंदिया जिल्ह्यातली अर्जुनी-मोरगाव (718). दौंडच्या पाठोपाठ सांगोला (768) आणि कोपरगाव (822). कोपरगावात काळे आणि कोल्हे ही साखर कारखान्यांची दोन घराणी समोरासमोर होती. दौंड आणि कोपरगाव एका यादीत येणं मला सहज समजतं: दोन्हीकडे सहकारातल्या दोन सत्तास्थानांनी मतदार निम्मानिम्मा वाटून घेतला आहे.

असे ग्रामीण मतदारसंघ जगात इतरत्रही आहेत. वेल्समधल्या कार्मार्थनमध्ये फेब्रुवारी 1974 ला मजूर पक्षाचे ग्विनोरो जोन्स प्लाइड कम्रीच्या ग्विनफोर इव्हान्स यांच्यावर अवघ्या 3 मतांनी निवडून आले. ऑक्टोबरात त्याच वर्षी पुन्हा निवडणूक झाली आणि इव्हान्स हजारोंनी जिंकले. शेजारच्या ब्रेकन आणि रॅडनरमध्ये 1985 ला 559, 1987 ला 56, 1992 ला 130. मेंढपाळांचा विस्तीर्ण डोंगराळ मुलूख, चॅपलची जुनी उदारमतवादी परंपरा, जमीनदारांचा हुजूर पक्ष आणि दक्षिण टोकाला कोळसा खाणींचं मजूर पक्षाचं इस्त्राद्गिनलाइस. तिथली फाटाफूट पंथ, भाषा आणि कामधंद्यावरून झाली होती. मतदाराला पक्ष बदलताना काहीतरी मागे सोडावं लागायचं. दौंडमध्ये पक्ष बदलण्याचं ओझं मतदारावर येतच नाही, ते काम नेते करतात. मतदार होता तिथेच राहतो, त्याच्या दारावरचा झेंडा तेवढा बदलतो.

त्यानंतर

निकालाच्या दुसऱ्या दिवशी धनत्रयोदशी होती. पाऊस थांबला नव्हता. महिना संपताना शेतातल्या पिकांचे पंचनामे सुरू झाले आणि मुंबईत सरकारच बनत नव्हतं. 12 नोव्हेंबरला राष्ट्रपती राजवट लागली. खरिपाच्या नुकसानीसाठी हेक्टरी 8,000 रुपयांची मदत राज्यपालांनी जाहीर केली, तीही दोन हेक्टरांपर्यंत. ती घ्यायला तलाठ्याकडे कुलांचा माणूस आणि थोरातांचा माणूस एकाच रांगेत उभे होते.

जुलै 2023 मध्ये राष्ट्रवादी फुटली. शिरूरचे अशोक पवार शरद पवारांबरोबर राहिले, दौंडचे थोरात अजित पवारांबरोबर गेले. मग दौंडची जागा महायुतीत भाजपच्या कुलांकडेच राहणार हे दिसल्यावर 2024 च्या विधानसभेला थोरात शरद पवारांच्या पक्षाकडून उभे राहिले. ज्या तालुक्यानं सहा महिन्यांपूर्वी लोकसभेला सुप्रिया सुळेंना आघाडी दिली होती, तिथे कुल 13,889 मतांनी जिंकले. तेव्हाही यादीतलं ते जुनं काम, कोण आपलं आणि कोण गावात नाही, कुणी किती महिने आधी सुरू केलं होतं हा प्रश्न मला आकड्यापेक्षा मोठा वाटला.

आमच्या काठाला न्हावऱ्याचा घोडगंगा कारखाना बंद पडला, त्याच्या सभासदांचा ऊस दारोदार फिरला आणि तो प्रश्न प्रत्येक सभेत उभा राहिला. शिरूरनं आपली सवय मोडली नाही: पाच वर्षांपूर्वी 41,504 मतांनी निवडून आलेले अशोक पवार ज्ञानेश्वर कटके यांच्याकडून 74,550 मतांनी पडले. दौंडमध्ये मतपत्रिकेवरची मुख्य दोन नावं 2009 पासून सलग चौथ्यांदा तीच होती.